छोटा हत्ती घ्यावा की पिकअप? छोट्या मालवाहू गाड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी घ्यायची ठरली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ॲव्हरेज कुणाचं चांगलं?" त्याचं उत्तर खाली दिलं आहे. पण मधले दोन-तीन प्रश्न टाळून थेट तिथे जाऊ नका. हप्ता थकून गाडी ओढून नेली गेली, अशा बहुतेक प्रकरणांत ॲव्हरेज व्यवस्थितच होतं.

टेम्पो, छोटा हत्ती, पिकअप ही सगळी एकाच गाडीची नावं आहेत का?

बोलण्यात हो, बाजारात नाही.

'टेम्पो' हे मुळात हॅम्बुर्गच्या एका जर्मन कंपनीच्या गाड्यांचं नाव. त्यांच्या तंत्रावर बजाज टेम्पो कंपनीने तीन चाकी गाड्या काढल्या, पुढे मॅटाडोर आली आणि महाराष्ट्रात माल वाहणारी कुठलीही लहान गाडी म्हणजे टेम्पो झाली. गंमत अशी की २००५ मध्ये त्या कंपनीने आपल्या नावातून 'टेम्पो' काढून फोर्स मोटर्स हे नाव घेतलं, आणि त्याच वर्षी टाटांची एस ही गाडी रस्त्यावर आली. लोकांनी मात्र एसलाही टेम्पोच म्हटलं. लाडाने छोटा हत्ती.

गाडी विकणाऱ्याच्या भाषेत मिनी ट्रक आणि पिकअप वेगळे. मिनी ट्रकला पुढे बॉनेट नसतं. ड्रायव्हर जवळपास पुढच्या चाकावर बसतो, त्यामुळे कमी लांबीत माल ठेवायचा मोठा हौदा मावतो. एस, मारुतीची सुपर कॅरी, महिंद्राच्या जीतो आणि सुप्रो या त्यातल्या. पिकअपला पुढे नाक असतं, चासी म्हणजे खालचा सांगाडा भक्कम असतो, मागे जाड पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) असतात आणि माल नेण्याची ताकद सव्वा टनापासून दोन टनांपर्यंत. बोलेरो पिकअप, टाटा योद्धा या त्यातल्या. अशोक लेलँडची दोस्त आणि टाटांची इंट्रा यांचं तोंड मिनी ट्रकसारखं, पण काम पिकअपकडे झुकणारं. शोरूममध्ये जाताना हा फरक डोक्यात ठेवा, नाहीतर चार लाखांची गाडी बघायला जाल आणि दहा लाखांची बुक करून याल.

छोटा हत्ती एवढा कसा चालला?

२००५ पूर्वी शहरात माल फिरवायचा तर बहुतेक तीन चाकी ॲपे, नाहीतर थेट मोठा ट्रक. मधलं फार काही नव्हतं. ॲपे बनवणाऱ्या पियाजिओचा कारखाना आपल्या बारामतीतच, त्यामुळे महाराष्ट्राला ती गाडी परकी नव्हती. पण तीन चाकीला हायवेवर भीती वाटायची, वळणावर उलटायची धास्ती असायची आणि वेग बेताचा.

टाटा मोटर्सच्या गिरीश वाघ यांच्या टीमने ही मधली जागा हेरली. इंजिनाची युक्ती तर ऐकण्यासारखी आहे. इंडिकाचं चार सिलिंडरचं १.४ लिटर डिझेल इंजिन होतं, ते अर्धं केलं आणि दोन सिलिंडरचं सुमारे ७०० सीसीचं इंजिन तयार झालं. ताकद जेमतेम १६ हॉर्सपॉवर, किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. त्या काळी दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता जोडणारे सुवर्ण चतुष्कोणाचे रस्ते होत होते, मोठे ट्रक शहराबाहेर माल उतरवू लागले होते आणि तिथून गल्लीबोळात माल पोचवायला काहीतरी हवं होतं. एस नेमकी त्या वेळी आली.

तीन चाकीवाल्या पोरांशी बोलताना एकाने "चार चाकं असली तर लग्नाला पोरगी लवकर मिळेल" असं सांगितल्याचा किस्सा या गाडीच्या जन्मकथेत नेहमी येतो. खरा असो वा नसो, गावाकडे गाडीची किंमत फक्त भाड्यावर ठरत नाही हे कुणालाही पटेल. वीस वर्षांत पंचवीस लाखांच्या आसपास एस विकल्या गेल्या.

मग आता जिकडेतिकडे बोलेरो पिकअपच का दिसते?

कारण रस्ता आणि पीक.

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं क्रेट २० किलोचं. क्रेटचं स्वतःचं वजन धरून २२ समजा. ७५० किलो पासिंगच्या, म्हणजे तेवढाच माल न्यायची मान्यता असलेल्या गाडीत कायद्याने ३४ क्रेट बसतात, १७०० किलोच्या गाडीत ७७. ड्रायव्हर एकच, बाजारात रांगेत जाणारा वेळ तोच, टोलही जवळपास तोच. मग शेतकरी आणि भाडेवाले दोघेही मोठ्या गाडीकडे वळणार. त्यात माळशेज किंवा खंबाटकी चढायचा असेल, शेतातून चिखलातून भरलेली गाडी काढायची असेल, तर १२ इंची चाकाची गाडी नको वाटते. पिंपळगाव, लासलगावला कांद्याच्या हंगामात एकदा सकाळी उभे राहा. ट्रॅक्टर सोडले तर पिकअपच पिकअप दिसतील.

दुसरीकडून छोट्या हत्तीला खालूनही मार बसला. शहरात अगदी जवळच्या फेऱ्यांसाठी बॅटरीवरच्या तीन चाकी आल्या. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाले आणि छोटं डिझेल इंजिन महाग झालं. स्वस्त गाडी स्वस्त राहिली नाही. आज साडेतीन टनांखालच्या मालवाहू गाड्यांत निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या महिंद्राचा आहे, त्यामागे हेच गणित आहे.

टाटांनी जून २०२५ मध्ये एस प्रो ३.९९ लाखांना काढली. पेट्रोल, सीएनजीसह पेट्रोल आणि बॅटरी अशा तीन प्रकारांत, ७५० किलो माल नेणारी. माझ्या मते हा बोलेरोशी मुकाबला नाहीच. तीन चाकीकडे गेलेलं गिऱ्हाईक परत आणायचा प्रयत्न आहे.

बरं, पण ॲव्हरेज सर्वांत जास्त कुणाचं?

कंपनीच्या कागदावर सीएनजीवाली सुपर कॅरी एका किलोत २३ किलोमीटरच्या आसपास सांगते. महिंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये आणलेली वीरो डिझेलवर १८.४ सांगते, आणि तीही १.६ टन वजन नेणारी. हे आकडे ठरावीक चाचणीतले असतात. तुमच्या हातात त्याच्या पाऊण पटीपर्यंत आलं तरी गाडी चांगली आहे असं समजा.

एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, एकच पंप, एकच रस्ता, तरीही एकीचं १६ आणि दुसरीचं १२ असं होतं. कारणं बहुतेक वेळा इंजिनाबाहेरची. टायरमध्ये हवा कमी. हौद्यावर उंच रॅक आणि वर फडफडणारी ताडपत्री, म्हणजे वाऱ्याशी कुस्ती. जादा पाटे टाकून जड केलेली मागची बाजू. क्लचवर पाय ठेवून चालवणारा ड्रायव्हर. माल उतरवेपर्यंत अर्धा तास इंजिन चालू. ८० ने पळवण्याऐवजी ५५-६० ने चालवली तर जो फरक पडतो, तो मॉडेल बदलून पडत नाही.

ॲव्हरेज मोजायचं असेल तर मीटरवरचा आकडा सोडा. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहा, तीन-चारशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा. असं निदान तीनदा करा. एका फेरीवरून निष्कर्ष काढणारे लोक मेकॅनिकचा संसार चालवतात.

डिझेल, पेट्रोल, सीएनजी की बॅटरी?

महिन्याला २५०० किलोमीटर धरू, म्हणजे दिवसाला शंभर आणि २५ दिवस काम. दर आणि ॲव्हरेज मी हिशोबासाठी धरले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

डिझेल ९० रुपये आणि भरल्या-रिकाम्याची सरासरी १५ धरली तर महिन्याला १५,००० रुपये. पेट्रोल १०४ रुपये, सरासरी १४, म्हणजे साधारण १८,६००. सीएनजी ८० रुपये किलो, सरासरी १८, म्हणजे ११,१०० च्या आसपास. बॅटरी एका युनिटला ५ किलोमीटर आणि युनिट ९ रुपये धरलं तर ४,५००.

आकडे वाचून लगेच बॅटरीकडे धावू नका, आणि सीएनजीकडेही नाही. सीएनजीच्या टाक्यांचं वजन पासिंगमधून जातं. सुपर कॅरी पेट्रोलवर साधारण ७४० किलो नेते, सीएनजीवर ६२५. म्हणजे प्रत्येक फेरीला पाच क्रेट कमी. शिवाय पंपावरची रांग. पुणे, मुंबई, नाशिकच्या आसपास पंप आहेत, पण रांगेत गेलेला पाऊण तास कुणी भरून देत नाही. रात्री उशिरा किंवा पहाटे भरायची सवय असलेल्यांना सीएनजी खरोखर परवडतो. दर तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी करावी लागते, तीही विसरू नका.

घाटातलं काम, लांबचा पल्ला, दीड टन माल असेल तर डिझेलला आजही पर्याय नाही. पेट्रोल कुणी घ्यावं? ज्याची गाडी दिवसाला चाळीस किलोमीटरही चालत नाही त्याने. पाणी जारवाला, केटरर, मंडपवाला. त्याचं इंधन मुळात कमी जळतं, मग गाडी स्वस्त आणि कटकट कमी हेच बघावं.

पण गाडी परवडते की नाही, हे नक्की कसं ठरवायचं?

इथे थोडं थांबा, कारण सगळी गोम इथे आहे.

सहा लाखांचं कर्ज, ११ टक्के, पाच वर्षं. हप्ता १३,००० च्या थोडा वर. विमा, कर, पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) यांचे महिन्याला काढून ठेवायचे ३,५०० धरा. टायर, ऑइल, ब्रेक, किरकोळ काम यांचे किलोमीटरला २ रुपये, म्हणजे ५,०००. डिझेल १५,०००. स्वतः चालवत असाल तरी स्वतःचा पगार १५,००० धराच, फुकट राबू नका. बेरीज ५१,५०० च्या आसपास. २५०० किलोमीटरने भागलं तर किलोमीटरला साडेवीस रुपये.

पण भाडं २५०० किलोमीटरचं मिळत नाही. माल घेऊन गेलात आणि रिकामे परत आलात तर भाड्याचे किलोमीटर फक्त १२५०. मग प्रत्येक भरलेल्या किलोमीटरला ४१ रुपये मिळाले तर कुठे तोंडमिळवणी. तेच परतीच्या निम्म्या फेऱ्यांना काही ना काही माल मिळाला, तर भरलेले किलोमीटर १८७५ होतात आणि खर्च २७-२८ रुपयांवर येतो.

आता ॲव्हरेजकडे बघा. १५ ऐवजी १७ देणारी गाडी घेतली तर महिन्याला १,७५० रुपये वाचतात. वाईट नाही. पण महिन्यातून एक चांगलं परतभाडं मिळालं तरी तेवढे पैसे येतात. चार मिळाली तर ॲव्हरेजवरून शोरूममध्ये घातलेला सगळा वाद फुकट गेला असं वाटेल.

म्हणून गाडीचं कोटेशन घ्यायच्या आधी एक वही घ्या. त्यात लिहा, जाताना माल कुणाचा, येताना कुणाचा. वाशी मार्केटला भाजी घेऊन जाणाऱ्याला येताना किराणा, प्लास्टिकचं सामान, रिकामी क्रेट यातलं काय मिळू शकतं? दादरला फुलं पोचवून पहाटे मोकळा झालेला माणूस आठ वाजेपर्यंत काय करतो? या प्रश्नांची उत्तरं असलेले लोक साधी गाडी घेऊनही टिकतात. उत्तर नसेल तर गाडी लहान घ्या, किंवा वर्षभर दुसऱ्याची चालवा.

आणि हो, भाडं ठरवताना वाराई (माल चढवण्या-उतरवण्यापायी गाडीवाल्याकडून घेतले जाणारे पैसे) कुणाकडे, हमाली कुणाकडे, थांबण्याचे पैसे किती, हे फोनवरच बोलून घ्या. मालक तरतात ते इथेच.

बीएस-६ डिझेल गाड्या फार कटकट देतात असं ऐकलं. खरं का?

अर्धं खरं. बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून वीस-पंचवीस मिनिटं सलग, बऱ्या वेगात चालावी लागते. हायवेवर पळणाऱ्याला हे आपोआप घडतं, त्याला काही कळतही नाही. गावठाणात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्याचा फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, गाडी ओढत नाही. मग कुणीतरी फिल्टर काढून टाकायचा सल्ला देतो. तो बेकायदा आहे, पीयूसीला आणि पासिंगला अडचण येते, वॉरंटी जाते. तुमचं काम असं तुटक असेल तर डिझेल घेऊच नका.

परमिट लागतं का? लायसन्स कुठलं?

मोटार वाहन कायद्यानुसार गाडीचं मालासकट एकूण वजन ३००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. त्याच्या वर लागतं. काही पिकअपचं एकूण वजन तीन हजारांच्या जरा खाली का असतं, हे आता लक्षात आलं असेल. शोरूमवाला 'दीड टनाची गाडी' म्हणतो तो हौद्यातला माल. तुम्ही आरसी बुकातलं एकूण वजन विचारा.

लायसन्सचा गोंधळ बरीच वर्षं होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि मग ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केलं, की हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स असलेला माणूस ७५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो, वेगळी ट्रान्सपोर्टची नोंद नसली तरी. विम्याचा दावा याच मुद्द्यावर नाकारला जायचा, म्हणून हा निकाल मोबाइलमध्ये जपून ठेवा. नाक्यावर वाद घालायला नाही, गरज पडली तर वकिलाला दाखवायला.

कर आणि पासिंग?

महाराष्ट्राच्या मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ७५०० किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांसाठी ७ टक्के एकरकमी कर मांडला गेला. म्हणजे 'ऑन रोड' किंमत विचारताना हा आकडा धरूनच विचारा. नवी गाडी असेल तर आठ वर्षांपर्यंत पासिंग दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. पासिंगच्या आदल्या आठवड्यात रिफ्लेक्टर, मागचे दिवे, हॉर्न आणि हँडब्रेक बघून घ्या. गाडी बहुधा यातच नापास होते, इंजिनात नाही.

जीएसटी कमी झाला त्याचा किती फायदा?

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कराआधी पाच लाखांची गाडी ६.४० लाखांना पडायची, ती ५.९० झाली. पन्नास हजारांचा फरक. तुमचा स्वतःचा जीएसटी नंबर असेल तर मालवाहतुकीच्या गाडीवरचा कर वळता करून घेता येतो का, हे सीएला विचारा. बरेच छोटे व्यापारी हे विचारायचं विसरतात.

जुन्या गाड्यांचे भावही त्यामुळे थोडे खाली यायला हवेत. विकणारा ऐकत नसेल तर त्याला नव्या गाडीचं कोटेशन दाखवा.

थोडा माल जास्त भरला तर काय बिघडतं? सगळेच भरतात.

भरतात. दंडही भरतात. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाचा दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. उतरवलेल्या टोमॅटोचं उन्हात काय होतं ते वेगळं सांगायला नको.

पण दंड एक दिवसाचा. खरा खर्च हळूहळू होतो. पाटे बसतात, मागचे टायर आतून झिजतात, ब्रेक लायनर लवकर जातात आणि घाट उतरताना ब्रेक तापून पॅडल खाली जाऊ लागतं. तीन वर्षांनी चासीला वेल्डिंग मारावं लागतं, आणि तसली चासी बघितली की जुनी गाडी घेणारा पन्नास हजार खाली येतो. काट्यावर शे-दीडशे रुपये घालवून आपला नेहमीचा माल एकदा वजन करून बघा. डोळ्यांचा अंदाज बहुतेक वेळा कमीच भरतो.

हौद्यात मजूर बसवले तर?

नको. कायद्याने चालत नाही, आणि अपघात झाला तर हौद्यातल्या माणसांच्या भरपाईवरून विमा कंपनी हात वर करते आणि मालकाचं घर विकायची वेळ येते. लग्नाचं वऱ्हाड असो की ऊसतोडीची टोळी, वेगळी गाडी करा. या प्रश्नाला दुसरं उत्तर नाही.

इलेक्ट्रिक गाडी घ्यायची वेळ आली का?

कुणासाठी आली, कुणासाठी नाही. टाटांनी एस ईव्ही मे २०२२ मध्ये दाखवली, २१.३ युनिटची बॅटरी आणि कागदावर १५४ किलोमीटर. सुरुवातीची गिऱ्हाइकं होती ऑनलाइन माल पोचवणाऱ्या मोठ्या कंपन्या. त्यांचं काम बघा. सकाळी गोदामातून निघायचं, ठरलेल्या ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या वाटेवर फिरायचं, रात्री त्याच गोदामात चार्जिंग. अशी ठरलेली वाट असेल तर बॅटरी सोनं आहे. मे २०२४ मध्ये एक टन नेणारी एस ईव्ही आली, ऑक्टोबर २०२४ मध्ये महिंद्राची झिओ, म्हणजे निवड करायला आता वाव आहे.

अडचण किमतीची. डिझेलच्या तुलनेत महिन्याला दहा हजार वाचले तरी गाडी तीन-चार लाखांनी महाग असेल तर फरक भरून निघायला तीन वर्षं जातात. आणि इलेक्ट्रिक गाड्यांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत दुचाकी, तीन चाकी आणि मोठ्या ट्रकना स्थान मिळालं, पण साडेतीन टनांखालच्या चारचाकी मालवाहू गाडीला नाही. ही मधली गाडी पुन्हा एकदा मधल्या मध्ये राहिली.

गावाकडे लोडशेडिंग, सिंगल फेज आणि घाट हे तिन्ही असतील तर थांबा. कुणा कंपनीशी वर्षभराचा करार असेल तर थांबू नका.

जुनी घेताना काय बघायचं?

इंजिन सगळेच बघतात. तुम्ही आधी गाडीखाली झोपा. चासीला वेल्डिंगचे डाग, पाट्यांची संख्या कंपनीच्या पाट्यांपेक्षा जास्त, हौद्याच्या तळाला गंज. मासळी किंवा मीठ वाहिलेली कोकणातली गाडी वरून चकाचक आणि खालून जाळी असते. फाळका (हौद्याचं मागचं दार) उघडझाप करून बघा, बिजागरी वाकलेली असेल तर त्या गाडीवर काय काय टाकलं गेलं याचा अंदाज येतो.

मग कागद. आरसीवर फायनान्सचा बोजा आहे का, असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. ई-चलान किती थकलेत ते गाडी नंबर टाकून बघा. पासिंग आणि विम्याची तारीख. टोकनचे पैसे यानंतरच.

पांढऱ्या पाटीवर पिकअप मिळते का? मला फक्त शेतावर वापरायची आहे.

बहुतेक छोट्या मालवाहू गाड्यांची नोंदणी व्यावसायिकच होते, पिवळ्या पाटीवर. घरगुती नोंदणीच्या पिकअप आहेत, इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स, पण त्या छोट्याही नाहीत आणि स्वस्त तर मुळीच नाहीत. शेतकऱ्याच्या घरच्या वापरासाठी छोटी, स्वस्त, पांढऱ्या पाटीची पिकअप हा आपल्या बाजारातला रिकामा कोपरा आहे. कुणी भरला तर आनंद होईल.

माझा भाऊ अमेरिकेत आहे. तो म्हणतो तिकडे छोटी पिकअप मिळतच नाही. एवढ्या श्रीमंत देशात का बरं?

कोंबड्यांमुळे. थट्टा नाही. साठच्या दशकात युरोपने अमेरिकन कोंबडीवर कर लावला, उत्तरादाखल अमेरिकेने १९६४ पासून बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के कर बसवला. कोंबडीचं भांडण कधीच विसरलं गेलं, ट्रकवरचा कर राहिला. पुढे इंधनाचे नियमही असे झाले की गाडीचा आकार मोठा असेल तर ॲव्हरेजचं सरकारी उद्दिष्ट सोपं. मग छोटी गाडी कोण बनवेल? महिंद्रानेही तिथे डिझेल पिकअप विकायची तयारी केली होती, पण गाड्या शोरूमपर्यंत पोचल्याच नाहीत.

२०२२ च्या मॉडेलमध्ये फोर्डने मॅव्हरिक ही हायब्रिड पिकअप २०,००० डॉलरच्या आत काढली, शहरात लिटरला जवळपास १८ किलोमीटर देणारी, आणि लोकांनी रांगा लावल्या. तिचं वजन नेण्याचं माप साधारण ६८० किलो. म्हणजे आपली चार लाखांची एस प्रो त्याहून जास्त नेते. अर्थात एसीत बसून शंभरच्या वेगाने नाही.

काही अमेरिकन शेतकरी जपानमधून जुने 'केई' ट्रक मागवतात. ६६० सीसी, लांबी ३.४ मीटर, आणि आयात करायचा तर २५ वर्षं जुना असावा लागतो. याच कुळातली सुझुकी कॅरी १९६१ पासूनची, आपली ओम्नी तिचीच नातेवाईक आणि आजची सुपर कॅरीही. भावाला सांगा, सुट्टीला आला की चुलत्याचा छोटा हत्ती चालवून बघ.

शोरूममध्ये सही करण्याआधी शेवटचं काय बघू?

हौदा. लांबी-रुंदी कागदावर वाचू नका. आपल्या धंद्यातलं एक क्रेट, एक गोणी किंवा एक सिलिंडर सोबत न्या आणि हौद्यात आडवं-उभं ठेवून मोजा, एका रांगेत किती बसतात. चार इंचांनी एक रांग हुकली तर ती रोज हुकणार आहे. आणि भरलेल्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह मागा. रिकामी गाडी सगळ्यांचीच छान पळते.